फील्डवरच्या माणसाशी बोलायचं कसं: सिम, सॅटेलाइट फोन आणि ५६ एपीओची पारख

नवऱ्याला फील्ड पोस्टिंगचा, म्हणजे सीमेकडच्या पुढच्या भागातल्या नेमणुकीचा हुकूम आला की घरी बहुतेकदा एकच तयारी होते. नवा फोन घ्यायचा आणि रोज दोन जीबीचा पॅक मारायचा. पैसे नेमके नको तिथे जातात. लडाख, कुपवाडा किंवा तवांगच्या पुढच्या चौक्यांवर डेटा कमी पडला म्हणून कुणाचं बोलणं अडत नाही. सिम तिथे चालतं का, टॉवरची रेंज आहे का आणि त्या ठिकाणी फोन वापरायला परवानगी आहे का, यावर सगळं अडतं. अपशिंगे मिलिटरी किंवा सैनिक टाकळीसारख्या, घरटी एक माणूस फौजेत असलेल्या गावांत हे जुन्या बायकांना तोंडपाठ असतं. नव्याने लग्न होऊन आलेलीला मात्र कुणी सांगत नाही.

निकाल आधीच देऊन टाकतो. पोस्टपेड नंबर आणि सैनिकी टपाल (५६ एपीओ, एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) या दोन गोष्टी पक्क्या करा. व्हिडिओ कॉल लागला तर लागला.

सिम

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम चालत नाही. कंपनी कोणतीही असो, पॅक कितीचाही असो, सुरक्षेच्या कारणावरून बाहेरच्या प्रीपेडला तिथे रोमिंगच नाही. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने निघालेल्या जवानाचा फोन पठाणकोटनंतर मुका होतो तो यामुळे. घरी वाटतं, चार्जिंग संपलं असेल. पोस्टपेड मात्र चालतं. अरुणाचल, सिक्कीमकडे ही अट नाही. तिथे प्रीपेड चालतं, प्रश्न फक्त रेंजचा.

प्रीपेडचं पोस्टपेड करणं सोपं आहे. २०२१च्या सप्टेंबरपासून हा बदल ओटीपीवर करायला दूरसंचार विभागाची परवानगी आहे. पण ओटीपी त्याच नंबरवर येतो, म्हणून हे काम नवरा सुट्टीवर घरी असतानाच उरकायचं. जम्मूच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये पोहोचल्यावर आठवण झाली तर नंबर बंद, ओटीपी बंद आणि बदलही बंद. प्लॅन कंपनीचा सगळ्यात स्वस्त असला तरी पुरतो, देशांतर्गत रोमिंग त्यात असतंच. बिलाला मात्र ऑटो-पे लावा आणि तोही घरच्या खात्यावरून. बिल थकलं की आधी आउटगोइंग बंद होतं, मग इनकमिंग, आणि चौकीवरच्या माणसाला ते भरता येत नाही. तुमचा नंबर मुख्य आणि त्याचा जोडीचा, असा फॅमिली प्लॅन मिळत असेल तर बिलाची सगळी कटकट तुमच्या हातात राहते.

कंपनी कोणती, याला एकच एक उत्तर नाही. बीएसएनएलचा टॉवर सियाचिनमध्ये ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. जिओने जानेवारी २०२५ मध्ये, आर्मी डेच्या तोंडावर, सियाचिन हिमनदीवर ४जी आणि ५जी पोहोचवलं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये गलवान, दौलत बेग ओल्डी, डेमचोक, चुमार, बटालिक, द्रास या भागांत मोबाइल सेवा पोहोचल्याचं लष्कराने सांगितलं. बातमी खरी आहे, पण ती वाचून आशा बेताचीच ठेवा. टॉवर ज्या उतारावर आहे त्याच्या पलीकडच्या घळीत रेंज शून्य असू शकते. डोंगर मध्ये आला की ५जीसुद्धा लुळं पडतं. त्यापेक्षा सरळ रस्ता म्हणजे पलटणीची ॲडव्हान्स पार्टी (आधी पुढे जाणारी तुकडी) तिथे पोहोचली की त्यांच्याकडून कळतं, आपल्या ठिकाणी कुणाचा टॉवर पकडतो. त्याच कंपनीचं सिम घ्यायचं.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल तर १९०० वर एसएमएस जातो: इंग्रजीत पोर्ट हा शब्द, मोकळी जागा, मग दहा आकडी नंबर. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, थकबाकी नको आणि गेल्या सात दिवसांत सिम बदललेलं नको. ही शेवटची अट नवा फोन घेताना सिम बदलून घेणाऱ्यांना हमखास नडते. निघायच्या आठवड्यात पोर्ट करूच नका. जुनं सिम बंद, नवं सुरू नाही, आणि मधल्या दोन-तीन दिवसांत तो गाडीत, असा घोळ होतो. फोनमध्ये दोन सिमची सोय असेल तर दुसऱ्या कंपनीचं किमान भाड्याचं पोस्टपेड जोडीला असावं. महिन्याला काहीशे रुपये जास्त जातात, पण एक टॉवर बर्फात बंद पडला तर दुसरा असतो.

आणखी एक गोष्ट सिमबरोबरच निस्तरून घ्या. बँकेचा ओटीपी त्याच्या नंबरवर येत असेल आणि तो पंधरा दिवस रेंजबाहेर असेल, तर घरातले पैसे असून नसल्यासारखे. पगाराचं खातं राहू द्या त्याच्या नावावर. घरखर्चाची रक्कम दर महिन्याला आपोआप तुमच्या स्वतंत्र खात्यात येईल अशी स्टँडिंग इन्स्ट्रक्शन बँकेत देऊन ठेवा, आणि त्या खात्याला नंबर तुमचाच हवा. गॅस आणि शाळेच्या ॲपवरही तेच.

व्हॉट्सॲप

सगळ्यांच्या हातात असलेलं आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीने वापरलं जाणारं साधन हेच. व्हिडिओ कॉलला मिनिटाला साधारण पाच एमबी लागतात, आवाजाच्या कॉलला अर्धा ते एक. त्याहून मोठा फरक असा की कॉलला दोन्हीकडे एकाच वेळी, सलग रेंज लागते. व्हॉइस मेसेज तुटक रेंजमध्येही तुकड्यातुकड्याने जातो. मिनिटभराचा मेसेज अर्ध्या एमबीच्याही आत मावतो आणि तो ड्यूटीवरून उतरल्यावर, स्लीपिंग बॅगेत शिरून तीनदा ऐकता येतो. त्यामुळे रोजचा संपर्क व्हॉइस मेसेजवर आणि कॉल आठवड्यातून ठरलेल्या वेळी, ही वाटणी चालते. मेसेज दोन मिनिटांच्या आत ठेवा. दहा मिनिटांचा एकच पाठवला आणि मध्येच रेंज गेली तर तो सगळाच लटकून राहतो.

दोन सेटिंग बदला. सेटिंग्जमधल्या स्टोरेज आणि डेटा या भागात कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्याय आहे, तो दोन्ही फोनवर चालू करा. त्याच पानावर मीडिया आपोआप डाउनलोड होणं त्याच्या फोनवर बंद करा. नाहीतर मिळालेली पाच मिनिटांची रेंज भावकीच्या ग्रुपवरचे सुप्रभातचे फोटो खाऊन टाकतात.

आणि ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: पोहोचू न शकलेला मेसेज व्हॉट्सॲप ३० दिवस सांभाळतं, मग पुसून टाकतं. माणूस उंचावरच्या चौकीवर महिन्याहून जास्त राहिला आणि फोन खाली बेसवर जमा असला, तर सुरुवातीचे मेसेज त्याला कधीच मिळत नाहीत. तुमच्या फोनवर एक टिक तशीच दिसत राहते. पोराच्या निकालासारखं, जमिनीच्या मोजणीसारखं महत्त्वाचं काही असेल आणि टिक तीन आठवड्यांनंतरही एकच असेल, तर पुन्हा पाठवा किंवा पत्रात लिहा.

सुरक्षेबद्दल लांबण लावत नाही. जुलै २०२० मध्ये लष्कराने फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ ॲप जवानांना काढून टाकायला लावले. त्याविरुद्ध एक अधिकारी दिल्ली उच्च न्यायालयात गेले, पण याचिका फेटाळली गेली. युनिटचा आजचा हुकूम काय आहे तो त्यालाच विचारा आणि तो सांगेल ते पाळा. घरच्यांच्या हातात एवढंच आहे: लाइव्ह लोकेशन मागू नका, बंकरचा किंवा मागे डोंगररांग दिसणारा फोटो मागू नका, आणि आलाच तर स्टेटसला ठेवू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर त्यातली जागेची नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती तशीच जाते. 'हेडक्वार्टरमधून बोलतोय, साहेबांची पलटण सध्या कुठे आहे' असं विचारणारा फोन आला तर तो ठेवून द्या. हेडक्वार्टरला पलटण कुठे आहे हे माहीत असतं.

थंडीत फोनचं काय होतं तेही सांगायला हवं. उणे तापमानात लिथियम बॅटरी ४० टक्क्यांवरूनही एकदम बंद पडते. फोन आतल्या खिशात, अंगाशी ठेवायचा. गोठलेला फोन तसाच चार्जिंगला लावायचा नाही, शून्याखाली चार्ज केल्याने बॅटरी कायमची बिघडते. 'तासाभराने करतो' म्हणून फोन आला नाही तर बऱ्याचदा कारण एवढंच असतं.

सॅटेलाइट फोन

जिथे टॉवर नाही तिथे बीएसएनएलचं डीएसपीटी हे उपग्रहावर चालणारं टर्मिनल असतं. २०१७च्या दिवाळीपासून सैन्य आणि निमलष्करी दलांसाठी त्याचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपयावर आला आणि महिन्याचं ५०० रुपये भाडंही माफ झालं. दराला नाव ठेवायला जागा नाही. आवाज खणखणीत येतो, पण उशिरा. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर असतो, तुमचा शब्द तिथून पलीकडच्या माणसापर्यंत पाव सेकंदाने पोहोचतो आणि उत्तर यायला अर्धा सेकंद लागतो. त्यात दोघं एकदम बोलू लागली की दोघांचंही वाया जातं. आपलं वाक्य पुरं करून थांबायचं. 'हॅलो, ऐकू येतंय का' यातच पहिलं मिनिट जातं, ते टाळायला फोन उचलल्याबरोबर महत्त्वाचं आधी सांगायचं. टर्मिनल एक आणि बोलणारे अनेक, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटं मोजकीच येतात. फोनजवळ वहीत चार मुद्दे लिहिलेले असले तर हाताशी येतात, आणि भांडणाचा विषय असेल तर तो पत्रासाठी ठेवा.

खरी अडचण आपल्याच बाजूला असते. असा कॉल अनोळखी, विचित्र दिसणाऱ्या नंबरवरून येतो. फोनमध्ये अनोळखी कॉल गप्प करण्याचं सेटिंग चालू असेल किंवा स्पॅम अडवणारं ॲप असेल, तर घंटाच वाजत नाही. फील्ड पोस्टिंगभर ही दोन्ही बंद ठेवा. मार्केटिंगचे चार फोन जास्त येतील, येऊ देत. रात्री डू नॉट डिस्टर्ब लावत असाल तर एकाच नंबरवरून लागोपाठ दुसऱ्यांदा आलेला कॉल वाजू देण्याचा पर्याय त्यात असतो, तो चालू करा आणि त्याला सांगून ठेवा: नाही उचलला तर लगेच पुन्हा लाव.

छप्पन एपीओ

सगळ्यात स्वस्त, सगळ्यात धीमं आणि आमच्या मते आजही सगळ्यात भरवशाचं. सैनिकी टपाल १ मार्च १९७२ पासून स्वतंत्र कोअर आहे आणि तिचं प्रशिक्षण केंद्र आपल्याच नागपूरजवळ कामठीला आहे. पश्चिम आणि उत्तरेकडच्या पलटणींची डाक ५६ एपीओ म्हणून दिल्लीच्या सेंट्रल बेस पोस्ट ऑफिसात जाते, पूर्वेकडची ९९ एपीओ म्हणून कोलकात्याला. तिथे पिनवरून वर्गवारी होते, पिशव्या फील्ड पोस्ट ऑफिसला जातात आणि तिथून पलटणीचा माणूस घेऊन जातो.

सगळी भिस्त पत्त्यावर आहे. क्रम असा: आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, कंपनी किंवा बॅटरी (पलटणीतली त्याची तुकडी), युनिट, नवापासून सुरू होणारा सहा आकडी पिन आणि शेवटी 'मार्फत ५६ एपीओ' किंवा ९९. इंग्रजीत, सुट्ट्या मोठ्या अक्षरांत लिहा. गावाचं नाव लिहायचं नाही. लेह, पुंछ, तेझपूर असं काही लिहिलं की दोन बिघाड होतात: टपाल कधीकधी त्या गावच्या साध्या पोस्टात जाऊन बसतं, आणि पलटण कुठे आहे हे पाकिटावर छापल्यासारखं होतं. एका नावाचे दोन-तीन पाटील किंवा जाधव मराठा पलटणीत असतातच, म्हणून आर्मी नंबर गाळू नका. नवरा राष्ट्रीय रायफल्सला (आरआर) गेला तर पत्ता पूर्ण बदलतो. जुन्या पलटणीच्या पत्त्यावर टाकलेलं पत्र फिरून फिरून पोहोचतं, पण महिना खातं. आणि ५६ आरआर हे मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेलं युनिट आहे, ५६ एपीओ हे टपालाचं खातं. एक लिहिलं म्हणून दुसरं गाळलं, असं करू नका.

अंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना, २० ग्रॅमपर्यंतचं पाकीट पाच रुपयांना. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिळवलं आहे, त्यामुळे नोंद हवी तर आता स्पीड पोस्टच करावं लागतं. ट्रॅकिंग दिल्ली-कोलकात्यापर्यंत कामाचं, पुढचा मुक्काम त्यात शोधू नका. वेळेबाबत पक्कं काही सांगता येत नाही. हिवाळ्यात झोजिला बंद झाला की लडाखची डाक हवाई मार्गावर येते, आणि वर चौकीला जाणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये आधी रॉकेल, रेशन, औषध, मग पत्रं. म्हणून पत्रं गठ्ठ्याने पोहोचतात आणि उलटसुलट क्रमाने. प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात अनुक्रमांक घाला. मग 'आईला आता बरं आहे' हे 'आईला दवाखान्यात नेलंय'च्या आधी वाचलं गेलं तरी त्याचा जीव टांगणीला लागत नाही. खाजगी कुरिअर एपीओचा पत्ता घेत नाही. घेतला तर समजा, त्याला तो पत्ता समजलेला नाही.

पार्सलला जरा जास्त वेळ द्या. दिवाळीचा फराळ घटस्थापनेच्या सुमारास पोस्टात पडला पाहिजे. दसऱ्याला टाकला तर तो तुळशीच्या लग्नाला मिळाला तरी नशीब. शंकरपाळे आणि अनारसे प्रवास उत्तम सोसतात, डिंकाचे लाडूही. चकली सोसत नाही, पोहोचते ती भाजणी होऊन. चिवडा चालतो, पण त्यातलं सुकं खोबरं काढा, कारण सगळ्यात आधी तेच खवट होतं आणि मग सगळ्याला वास लावतं. ओल्या नारळाचं काहीही नको. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, कारळ्याची चटणी ही जास्त कामाची, कारण ती लंगरच्या (पलटणीच्या स्वयंपाकघरातल्या) जेवणाला रोज चव आणतात. तेलाचं लोणचं पाठवू नका, एक बरणी फुटली तर पिशवीतल्या सगळ्यांची पत्रं तेलकट होतात.

पॅकिंगमध्ये एक गोष्ट सपाटीवर राहणाऱ्या माणसाला सुचत नाही. हवाबंद पाकिटं उंचीवर फुगतात आणि शिवणीत फुटतात. पाकीट बंद करताना हवा हाताने पिळून काढा, पुडा सपाट झाला पाहिजे. दोन पिशव्या एकात एक, मग जाड खोका, मोकळ्या जागेत जुने बनियन किंवा मोजे कोंबलेले. तेही त्याच्या उपयोगी पडतात. वजन दोन-तीन किलोंच्या आत ठेवा, कारण शेवटच्या टप्प्यात ते कुणाच्या तरी पाठीवरून वर जातं. पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आत टाका. वरचं लेबल बर्फात भिजून गळालं तर तीच उपयोगी पडते. पॉवर बँक, सुटी बॅटरी, डिओ, लायटर घालू नका, विमानाच्या डाकेत चालत नाहीत आणि सगळं पार्सल अडतं.

नौदलाची गोष्ट थोडक्यात. जहाजाचा पत्ता म्हणजे जहाजाचं नाव, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई ४००००१. विशाखापट्टणम आणि कोचीलाही अशी ऑफिसं आहेत. किनारा दिसेनासा झाला की मोबाइल बंद, आणि पाणबुडीवर असेल तर मधल्या काळात काहीच नाही. बंदर कधी लागणार हे फोनवर विचारायचं नाही.

तातडीचा निरोप

१५ जुलै २०१३ ला तार बंद झाली, आणि 'मदर सीरियस, कम सून' हा मार्गही गेला. आता पहिला फोन युनिटच्या नंबरवर करायचा. तो निघण्याआधी त्याच्याकडून दोन नंबर घेऊन ठेवा, कंपनीच्या सीनियर जेसीओंचा (सुभेदार दर्जाच्या अधिकाऱ्यांचा) आणि पलटणीच्या मागे राहिलेल्या रिअर पार्टीचा. ते लागले नाहीत तर रेजिमेंटच्या जवानांच्या नोंदी ठेवणारं रेकॉर्ड ऑफिस: मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातूनही निरोप जातो, मात्र ते सरकारी वेळेत चालतं, रविवारी रात्री त्याचा उपयोग नाही.

निरोपात कारण मोघम असेल तर रजा अडते. 'तब्येत बरी नाही' याला काही अर्थ नाही. त्याचा आर्मी नंबर, हुद्दा, नाव. रुग्णाचं नाव आणि नातं. कोणता दवाखाना, कधी दाखल केलं, डॉक्टर काय म्हणाले, आणि पडताळणीला कुणाला फोन करायचा, एवढं एका दमात सांगता आलं पाहिजे. दाखल केल्याच्या कागदाचा फोटो लगेच पाठवा. हे सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद घरात ठेवा, तुमच्या फोनमध्ये नको. दवाखान्यात दाखल झालेली तुम्हीच असाल, तर फोन सासूबाईंना किंवा शेजारणीला करावा लागेल.